एक मिनिट पूर्वेला

"फळीवरून डोकावायचं नाही," राकेशने पुन्हा बजावलं. "आजचा गठ्ठा शेवटचा. पुढच्या महिन्यापासून एकच माणूस ठेवायचाय. आज ज्याच्या चुका जास्त, तो जाणार. मला वाईट वाटतंय, पण मुंबईहून आलंय."

राकेश त्या कचेरीचा सुपरवायझर. वाईट वाटलं की तो खिडकीतून खाली कॉलेज रोडकडे बघत बसायचा. आताही तेच करत होता.

प्लायवूडच्या फळीच्या एका बाजूला मोहिनी पगारे, दुसऱ्या बाजूला हिरामण. दोघांपुढे एकाच यादीच्या दोन प्रती. आकाशात विमानांच्या वाटेवर जे बिंदू ठरवलेले असतात, त्यांची ती यादी. पाच इंग्रजी अक्षरांचं बिनअर्थाचं नाव आणि पुढे अक्षांश, रेखांश, म्हणजे अंश, मिनिटं, सेकंद. दोघांनी एकमेकांचं न बघता तेच आकडे संगणकात भरायचे. मग यंत्र दोघांच्या नोंदी ताडून फरक छापायचं. जिथे फरक, तिथे राकेश मूळ कागद काढायचा, आकडा दुरुस्त करायचा आणि ज्याचं चुकलं त्याच्या नावावर फुली मारायचा.

एक चुकला तरी दुसरा बरोबर असायचाच. पाच वर्षांत त्यांची एकही चूक बाहेर गेली नव्हती आणि दोघांना त्याचा भारी अभिमान होता. आपण स्वतः कधी विमानात बसलेलो नाही, हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

सत्त्याण्णव साली हिरामण इथे लागला तेव्हा एका बोटाने टाइप करायचा. त्याआधी दर हंगामाला तो सुरगाण्याहून जीपने उतरून पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या भरायला जायचा. बाकीची नऊ बोटं त्याला मोहिनीने शिकवली, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःचा डबा बाजूला सारून.

"ताई, तुम्ही नसता तर मी अजून पेट्याच भरत असतो," तो म्हणायचा.

"आणि तू नसतास तर मला टेबुक कोणी दाखवला असता?" ती म्हणायची.

टेबुक हा दोघांचा लाडका बिंदू. दर नव्या यादीत तो असायचा. त्याचा रेखांश त्र्याहत्तर अंश छत्तीस मिनिटं. हिरामणच्या पाड्यापलीकडच्या डोंगरावर तो पडायचा. हिरामणने नकाशावर पट्टी ठेवून हे शोधून काढलं होतं.

"एक मिनिट पूर्वेला सरकवला ना ताई, तर इमान बरोबर आमच्या आयच्या नागलीवरून जाईल. पावणेदोन किलोमीटरचा तर सवाल हाय!"

"मग भागीबाई काय करतील? वर भाकरी फेकतील?"

"हात करंल ती. आता लांबून जातंय म्हणून लय रुसलीय."

हा विनोद पाच वर्षं चालला होता आणि दर वेळी दोघं पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

आज हसणं नव्हतं. मोहिनीने सकाळीच ठरवून टाकलं होतं. तिचे यजमान नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला स्वतःचं घर होतं. हिरामणकडे होती पंचवटीतली भाड्याची खोली आणि यंदाच पहिलीत गेलेली लेक चैताली. त्याने परत पेट्या भरायला जायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना. या खुर्चीवर तिचा जीव होता, हेही खरंच. 'इथे बसलं की मी कुणाची सून नसते, कुणाची वहिनी नसते,' असं तिने हिरामणला कितीदा तरी सांगितलं होतं. पण गेलं वर्षभर दोघांच्या नावावर एकही फुली नव्हती, तेव्हा एक चूक पुरेशी होती. ती करायची. हिरामण बरोबर आकडा भरेल, यंत्र फरक दाखवेल, राकेश दुरुस्त करेल. आकाशाला काही धक्का नाही.

दुपारी तीनशे चाळिसाव्या ओळीवर टेबुक आला. मोहिनीला हसू फुटलं. छत्तीसच्या जागी तिने सदतीस दाबलं. घटकाभर का होईना, जाऊ दे विमान भागीबाईंच्या नागलीवरून.

फळीपलीकडे हिरामणची बोटं थबकली आणि पुन्हा चालू झाली. त्यालाही टेबुक भेटला असणार.

चार वाजता प्रिंटर करकरला. मोहिनीने ड्रॉवरमधला कंगवा आणि आरसा आधीच पर्समध्ये टाकला होता. राकेशने कागद फाडला, बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"फरक शून्य! चारशे बारा बिंदू आणि फरक शून्य!"

"असं कसं?" मोहिनीच्या तोंडून निघून गेलं.

पण ऐकायला राकेश तिथे होता कुठे? तो आतल्या खोलीत फोनकडे पळाला होता. पंधरा मिनिटांनी आला तो उलट्या वडापावचा पुडा हातात नाचवत.

"फाईल पाठवून दिली. मुंबईवाले म्हणाले, अशी जोडी तोडायची नाही. दोघंही राहताय!"

मोहिनीने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. सवयीच्या बोटांनी छत्तीसच दाबलं असणार, आपलंच ऐकलं नाही त्यांनी. तिला हसू आलं, डोळेही भरून आले. तिने पर्समधून कंगवा काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

तेवढ्यात फळीवरून हिरामणचं डोकं वर आलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो डोकावत होता. त्याचीही पिशवी भरून खांद्याला लावलेली होती आणि चेहरा पार उतरला होता.

"ताई," तो कुजबुजला, "टेबुकला तुम्ही बी सदतीसच टाकलं?"