खिडकीतून टाकलेला रुमाल

रोहा स्टँडवरच्या मुतारीच्या वासाने गोपाळकृष्ण जोगांना मळमळत होतं. भिंती गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या, बाकड्याखाली कुणीतरी चूळ भरलेली. "माणसं आहेत की जनावरं," असं पुटपुटत ते नाकावर रुमाल धरून उभे होते.

मुरूडहून पेणला जाणारी एसटी खचाखच भरून आली. खिडकीजवळची एकच सीट रिकामी दिसली, तसा त्यांनी जागा धरायला नाकावरचा रुमाल खिडकीतून आत टाकला आणि रेटारेटी करत गाडीत घुसले. बघतात तर शेजारची बाई त्याच रुमालाने सीटवरची पोरीची ओकारी पुसत होती.

 

"अल्ला तुमचं भलं करो, काका. सगळे नुसते नाक दाबून बघत होते, रुमाल तेवढा तुमीच दिलात."