मालकाचं नाक

कोल्बीने स्वतः रंगवलेला बॅनर उलगडून वॉशिंग मशीनांवर पसरला आणि तळघरात जमलेल्या भाडेकरू संघाने दोन्ही हात वर करून बोटं थरथरवली. टाळ्यांच्या आवाजाचा कुणाला त्रास नको, म्हणून ही मंडळी अशीच दाद देतात. चित्रात घरमालक होता. उंच टोपी, मुठीत आख्खी इमारत आणि पोपटाच्या चोचीसारखं हे एवढं नाक.

ब्लूमा रेझनिकने मात्र छातीवर हातांची फुली केली. फुली म्हणजे नकार. संघ तिनेच उभा केलेला, भाडेवाढीविरुद्धच्या उद्याच्या मोर्चात बॅनरची काठीही तीच धरणार होती. त्या खोलीत ज्यू ती एकटीच.

"आपल्या मालकाचं, लिंडक्विस्टचं नाक कुणी पाहिलंय?" तिने विचारलं.

सगळ्यांनीच पाहिलं होतं. वाटाण्याएवढं, जरा ऊन लागलं की लाल होणारं.

"मग हे कुणाचं?" म्हणत ती बॅनरशेजारी आपलं बाकदार नाक दिसेल असा चेहरा वळवून उभी राहिली. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

कोल्बी गडबडला. ते भांडवलशाहीचं नाक आहे, कुणा माणसाचं नाही, असं त्याने समजावून पाहिलं. अध्यक्ष जूनने आवाज मऊ केला. "ब्लूमा, विषय निघालाच आहे, तर इस्रायलबद्दल तुमचं मत काय?"

"भाडं मिनियापोलिसमध्येच वाढलंय ना गं?"

ती हसत बोलली खरी, पण तिला लागलं होतं. पोलंडमध्ये तिच्या आजीच्या गावात आधी भिंतींवर ज्यूंच्या चित्रांत हे नाक आलं, मग ज्यूंना मारायला माणसं आली. तेही तिने सांगितलं. हे नाक मोर्चात असेल तर आपण नसू, एवढंच पुढे म्हणाली.

त्यावर भाषणं सुरू झाली. आपण पुरोगामी, आपल्या मनात असलं येईलच कसं, हे प्रत्येकाने आपापल्या परीने पटवून दिलं. कोल्बीने मात्र मधेच उठून पांढऱ्या रंगाने चोच झाकली आणि वर गुलाबी वाटाणा काढला.

कपडे धुवायला आलेला तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी दारातूनच म्हणाला, "अरे, हा तर लिंडक्विस्ट."

बोटं पुन्हा थरथरली. या वेळी ब्लूमाचीही. मग मोर्चेकऱ्यांच्या न्याहारीला लाटके, म्हणजे बटाटा-कांद्याचे ज्यू वडे, तळायचे म्हणून आणलेलं कांद्याचं पोतं तिने ओढत मधोमध आणून ठेवलं.

"नाकाने कांदे सोलून झाले असतील," ती म्हणाली, "तर आता हाताने सोला."