परत आलेला मासा

खणकन सुरी ओट्यावर पडली. आत छकुली झोपली होती, घर चिडीचूप होतं. तेवढा आवाजही दणक्यासारखा वाटला.

"बोट कापलं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

बोट शाबूत होतं. कापलेला होता तो मासा. कल्ल्यामागे चौकोनी खाच, काडेपेटीएवढी, चारही कोपरे आखल्यासारखे. मासळीच्या कारखान्यात प्रत्येक लॉटमधून काही मासे निवडून ती स्वतः अशीच खाच पाडायची आणि तो तुकडा अँटिबायोटिकसाठी तपासायची. बाकीच्या मुली ओबडधोबड लचका काढत. हिला त्या 'सुतारीण' म्हणत.

सासूबाई आपल्याच खुशीत होत्या. परदेशी जायचा माल, गाडी दाराशी आलेली, घासाघीससुद्धा करावी लागली नाही. नातीच्या अंगात जरा ताकद यायला नको का? तापाने पोर अर्धी झाली होती. डॉक्टरांनी औषध दोनदा बदललं. पहिल्याला जंतू आता जुमानतच नाहीत, म्हणाले होते.

एवढे मोठे मासे या आठवड्यात एकाच लॉटमध्ये होते. तो तिने परवाच नापास केला होता. मांसात सापडलं होतं तेच, छकुलीला लागू न पडलेलं पहिलं औषध. तळ्यातल्या खाद्यातून पोटभर चारलेलं.

तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला, कारखान्याच्या साहेबांना गाठलं आणि नापास मासा आपल्या दाराशी कसा आला ते विचारलं. साहेब आधी हसले. टनभर मासळी कोणी मातीत घालतं का, म्हणाले. वर तक्रार करीन, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांचा आवाज समजुतीचा झाला.

"अहो मॅडम, तुम्ही नापास केलात तो बाहेरच्यांसाठी. आपल्या लोकांना चालतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली खड्ड्यात, तक्रार उद्याच जाईल, असं ठणकावून तिने फोन बंद केला. मासा उचलून कचऱ्यात टाकला. सासूबाईंनी अगं अगं केलं, मग सुनेचं तोंड पाहून डब्यावर झाकण ठेवलं.

दारात पांघरूण ओढत छकुली उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"आई," तिने विचारलं, "आपले लोक म्हणजे मी पण ना?"