सांगून दाखवा

“चष्मा घरीच राहिला,” खाटेवरचे काका म्हणाले, आणि सिस्टरनं पुढे केलेली औषधांची चिठ्ठी मागे घेतली.

अकरा वर्षांत तिनं हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की घरी राहिलेल्या त्या चष्म्यांचं एक दुकान निघालं असतं. त्यातले निम्मे मुळात कधी विकत घेतलेलेच नसतात, हेही तिला पाठ होतं. माणूस डॉक्टरला पोट उघडून दाखवेल, पण मला वाचता येत नाही, हे काही सांगणार नाही.

वॉर्डात नवा फॉर्म आला होता. घरी सोडण्याआधी रुग्णाला औषधांची चिठ्ठी वाचायला द्यायची, मग काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. बाकीच्यांना ती कटकट वाटायची. तिला नाही. गेल्या महिन्यात तिनं एका बाईला “समजलं ना?” एवढंच विचारलं होतं. बाईनं मान डोलावली होती, आणि आठव्या दिवशी ती स्ट्रेचरवरून परत आली होती. तेव्हापासून कुणी मान डोलावली की सिस्टरचा जीव वरखाली व्हायचा.

इथे तर सरळ जिवाशी गाठ होती. काकांच्या घरी इन्सुलिनच्या दोन बाटल्या. सकाळची सावकाश काम करणारी, अठरा युनिट. जेवणाआधीची झटपट काम करणारी, फक्त सहा. परवा सकाळी अठरा युनिट गेलं ते झटपटवाल्या बाटलीतून. साखर अशी घसरली की काका बाथरूमच्या दारातच कोसळले. पुन्हा असं झालं तर ते उठतीलच, याची खात्री डॉक्टरही देत नव्हते.

“बाटली कुणी उचलली होती?” तिनं विचारलं.

“मीच,” काका घाईनं म्हणाले. “माझं सगळं मीच करतो.”

शेजारच्या खुर्चीवर काकू मांडीवर मासिक उघडून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, काहीतरी बोलतीलसं वाटलं, पण त्यांनी पुन्हा मासिकात डोकं घातलं. पान मात्र मघापासून तेच होतं. बिचारीचं लक्ष कुठून लागणार, सिस्टरला वाटलं.

“मग चिठ्ठी काकू वाचून दाखवतील ना?”

“छे छे! तिला कशाला? तिला घरची कामं काय कमी आहेत? मलाच समजेल असं काहीतरी करा.”

आला ताठा! सिस्टर मनातल्या मनात चरफडली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. बाहेर व्हीलचेअरवरचा माणूस हीच खाट रिकामी व्हायची वाट बघत होता, त्याची मुलगी दोनदा डोकावून गेली होती. तरी सिस्टरनं पुठ्ठा ओढला आणि रंगीत चिकटपट्ट्या काढल्या. घरून आणलेल्या बाटल्यांपैकी सकाळच्या बाटलीला निळी, जेवणाच्या बाटलीला लाल. पुठ्ठ्यावर उगवता सूर्य आणि निळी पट्टी, जेवणाचं ताट आणि लाल पट्टी. शेजारी सिरिंजचं चित्र काढून औषध कुठल्या रेघेपर्यंत ओढायचं ती खूण. खाली साखर उतरून घामाघूम झालेला माणूस, साखरेच्या पाण्याचा पेला, आणि सुईवर ही भली मोठी फुली. चित्रकलेत ती शाळेपासून कच्ची होती. तिचा सूर्य अंड्यासारखा दिसत होता.

“आता मला सांगून दाखवा.”

“अगं, तूही ऐक,” काका बायकोला म्हणाले. “मी विसरलो तर आठवण करशील.” मग त्यांनी सुरुवात केली. “घाम फुटला की लाल बाटलीतून सुई घ्यायची...”

“अहो, नाही!” काकू ताडकन म्हणाल्या. “घाम फुटला की सुई अजिबात नाही. आधी साखरेचं पाणी. इथे फुली मारलीय बघा.”

काका पुन्हा चुकले. सकाळी लाल म्हणाले, मग रेघच विसरले. पालथ्या घड्यावर पाणी! सिस्टर मनात म्हणाली. प्रत्येक वेळी काकूच त्यांना सावरत होत्या. मासिक केव्हाच खाली पडलं होतं आणि पुठ्ठा त्यांच्या मांडीवर आला होता. शेवटी काकूंनी पहिल्यापासून सगळं घडाघडा सांगितलं, सिरिंज हातात घेऊन रेघही दाखवली. त्यानंतर कुठे काका एकदाचे न अडखळता बोलले.

दोघं गेली. सिस्टर टेबलाशी बसून फॉर्म भरू लागली, पण तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. असा विसराळू माणूस, आणि त्यात हट्टी. फॉर्मवर तर फक्त रुग्णाचीच चौकट होती. तिनं लिहिलं: ‘रुग्णास लिहिता-वाचता येत नाही. चित्रे काढून समजावले.’

“पिशवी खाटेवरच राहिली,” समोरून आवाज आला. काका होते. फॉर्म झाकावा असं तिच्या मनातही आलं नाही. काकांनी पिशवी घेतली, टेबलाशी थांबले आणि पलीकडूनच, उलट्या बाजूनं, तिनं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘रुग्णास’ खोडून ‘रुग्णाच्या पत्नीस’ असं लिहा, सिस्टर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “घरी सुई तीच भरते. आणि आता मोठ्यानं काही विचारू नका, ती दारातच उभी आहे.”