टोपलीतले सात मासे

सोमाजींचा डोंगा रिकामाच वाहत काठाला लागला. आत फक्त टोपली होती आणि टोपलीत सात मासे. शोधायला आलेल्या माणसाने गिरजाबाईंना विचारलं, "तुमचे मालक आज कुठल्या अंगाला गेले होते? तलाव चार कोसांचा, आमची बोट एकच. कुठे खडकाला धरून असतील तर अजून वेळ आहे."

गिरजाबाईंनी सवयीने मासा उचलला. नवरा कुठे जाऊन आला, हे चाळीस वर्षं त्यांना माशानेच सांगितलं होतं. जाड ओठांचा, पोटात शिंपल्यांचा चुरा, म्हणजे खडकांकडचा. सडपातळ आणि बारीक तोंडाचा असला की मधल्या खोल पाण्यातला. जात एकच, पण जागा बदलली की अंगाची ठेवण बदलायची.

त्यांनी सुरीने पोट चिरलं. आत शिंपल्यांचा चुरा, शेवाळ, गाळ, सगळंच होतं. दुसऱ्यातही तेच. सातही मासे एका साच्यातून काढल्यासारखे.

शेजारी त्यांची मुलगी रेवती उभी होती. तलावभर फिरणारा, काहीही खाणारा हा मासा तिनेच प्रयोगशाळेत घडवला होता. त्याची पिल्लं सोडल्यावर दोन वर्षांत जुने मासे संपले.

तेव्हा सोमाजी म्हणाले होते, "चांगला आहे गं, पण कुठला ते कळत नाही."

"कळून करायचंय काय, बाबा?" ती हसली होती.

गिरजाबाईंनी चिरलेला मासा तिच्या हातात ठेवला.

"तुझा मासा आहे ना? तूच विचार त्याला."