बिनकामाचं बटण

भट्टीचा खालचा खण एकदाचा बाहेर आला, आणि भागोजी जमिनीवर आडवा झाला. गाल लादीला टेकवून त्याने बॅटरी आत मारली. मागच्या पत्र्यावर बोटभर पाटी होती. तिच्यावर इंग्रजी आकडे, आणि शेजारी एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला.

“घावली एकदाची,” तो पुटपुटला.

दारात तांदूळ निवडत बसलेल्या प्रयागबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, मान वर केली नाही. “मने,” ती मांजराला म्हणाली, “त्यांना सांग, चा निवतोय.”

गेले आठ दिवस पोलादपूरच्या त्या घरातला सगळा व्यवहार असा मांजरामार्फत चालला होता.

भट्टी म्हणजे विजेची विलायती शेगडी. वर तीन चकत्या, खाली ओव्हन. महाडच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला गोरा साहेब जाताना ती गेस्ट हाऊसवर टाकून गेला, आणि मॅनेजरने ती वायरमन भागोजीला देऊन टाकली. बटणांवर काय काय छापलेलं होतं. पण प्रयागबाईने घरच्या भांड्यांसारखी तिचीही राखेने सेवा केली आणि तीन महिन्यांत अक्षरं साफ उडाली. मग तिनेच बटणांना नावं ठेवली: भाताचं, कालवणाचं, दुधाचं, नानकटाईचं. घड्याळाशेजारचं एक बारकं बटण तेवढं बिननावाचं राहिलं. घड्याळ आलं त्या दिवसापासून बंदच होतं, म्हणून त्या बटणाला दोघंही बिनकामाचं म्हणत.

दसरा झाला आणि ओव्हन तापेना. चकत्या तापत, खाली मात्र थंडगार. कुडपणला मैनेच्या सासरी दिवाळीआधी धाडायची नानकटाई पत्र्यावर तशीच कच्ची राहिली. लेकीची सासरची पहिली दिवाळी! भागोजीने फ्यूज पाहिला, तापायची सळई काढून वेगळी तार लावून पाहिली. सगळं ठणठणीत. कारखान्याच्या मोटारी ज्याच्या हाताला वचकून असत, त्याला घरच्या शेगडीने हात टेकायला लावले. मग त्याने तेच केलं जे असल्या वेळी नवरे करतात.

“घासून घासून तूच वाट लावलीस हिची!”

प्रयागबाई उलटून बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “असंल. माझा हातच वायट.” त्या दिवसापासून तिने भट्टीला बोट लावलं नाही. चुलीशी धूर खात रांधायची आणि बोलायचं ते मांजराशी. भागोजीला घास गोड लागेना, पण माघार घ्यायची तर फॉल्ट तरी सापडायला हवा होता.

पिवळ्या कागदावर जोडणीचं चित्र होतं. फिकट रेघांवरून बोट फिरवत तो ओव्हनच्या तारेमागे निघाला. तार सरळ सळईकडे जात नव्हती. आधी ती घड्याळाच्या पोटात शिरत होती. म्हणजे शेजारचं बटण आत गेलं की ओव्हन घड्याळाच्या हुकमात, आणि घड्याळ तर बंद! भागोजी उठून बसला.

बंद घड्याळाशेजारचं ते बारकं बटण चांगलं पेरभर आत गेलेलं होतं. आणि त्याच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, लावलं तसंच लालभडक. बाकीच्या बटणांवरचं कुंकू हाताळून केव्हाच पुसलं गेलं होतं.

त्याला खंडेनवमीची सकाळ आठवली. पाटावरच्या पक्कड-टेस्टरची पूजा झाल्यावर प्रयागबाई कुंकवाची वाटी घेऊन भट्टीकडे वळली होती.

“त्याला कशाला लावतेस? ते बिनकामाचं हाय,” तो म्हणाला होता.

“बिनकामाचं म्हनून काय झालं? घरातलंच हाय ना?” असं म्हणत तिने त्या बटणालाही चांगलं दाबून कुंकू लावलं होतं.

भागोजीने घामेजल्या चिमटीत बटण धरलं आणि बाहेर ओढलं. टक् झालं. त्याने मेन चालू केला. थोड्याच वेळात ओव्हनमधली सळई लाल होऊ लागली.

‘बघ, मी म्हनत नव्हतो?’ हे वाक्य आठ दिवस त्याच्या जिभेवर तयार होतं. ते ओठापर्यंत आलंसुद्धा. पण दारातलं सूप थांबलं होतं. प्रयागबाई सळईकडे बघतच नव्हती. निकाल ऐकायला उभं केलेल्या पोरीसारखी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“काय झालं व्हतं?” तिने विचारलं. मांजराला नाही, त्याला.

“तार ढिली व्हती गो,” तो खण जागेवर सरकवत म्हणाला. “माझीच जोडनी. तुझा काय बी दोष नाय.”

प्रयागबाई उठून जवळ आली. ओव्हनच्या दाराशी तळवा धरून तिने ऊब घेतली. मग त्याचा हात हातात घेऊन उलटा केला. अंगठा कुंकवाने माखला होता. तिने बारक्या बटणाकडे पाहिलं, पुन्हा अंगठ्याकडे पाहिलं. पदराचं टोक तांब्यात बुडवून ती अंगठा पुसू लागली. अंगठा स्वच्छ झाला तरी पुसतच राहिली.

“मने,” ती मांजराला म्हणाली, “त्यांना सांग, खोटं बोलायच्या आधी हात धुवावे मानसानं.”