पेलेल तेवढं

"पाठ सरळ. जोर पायांतून, कमरेतून नाही." जिमच्या सरांचं बोलणं मनात घोकत मी केतकीला पलंगावरून उचललं आणि व्हीलचेअरमध्ये बसवलं. उभं राहता आलं असतं, तर माझी चौदा वर्षांची लेक आता माझ्या खांद्याला लागली असती.

जिममध्ये बाकीच्या बायका पोट कमी करायला येतात. मी पोरगी उचलता यावी म्हणून जाते. गेल्या दिवाळीत माझ्या कमरेत उसण भरली, तेव्हा ती बिचारी पलंगावरच पडून राहिली. तेव्हापासून एकच धास्ती. ती वाढतेय आणि मी थकतेय. पण आज ती इतकी अलगद उचलली गेली, की माझा जीव भांड्यात पडला. व्यायाम अंगी लागला म्हणायचा!

त्याच आनंदात चादर झटकली, तर उशीखालून कागदात गुंडाळलेल्या पोळ्या खाली पडल्या. वाळून कडक झालेल्या.

मी तिचं मनगट धरलं. हाडंच लागली हाताला.

"कधीपासून चाललंय हे?"

"तू मावशीला फोनवर म्हणालीस ना, ही अजून वाढली तर मला पेलायची नाही."

मी स्वयंपाकघरातून ताजी पोळी आणली, वर तूप घातलं आणि ताटली तिच्या मांडीवर ठेवली.

"आमचे सर म्हणतात, वजन वाढवत नेलं नाही तर ताकद वाढत नाही. खा मुकाट्याने."

तिने पहिला घास घेतला, तशी मी तिच्या खुर्चीमागे गेले. कमरेकडे गेलेला माझा हात तिला दिसायला नको होता.